डावीकडची खूण

रविवारी सकाळी कापडाचं दुकान उघडल्या उघडल्या आम्ही नवरा-बायको आत शिरलो आणि एकेका ठाणावर फुंकर मारू लागलो. दुकानदाराला आधी वाटलं, धूळ झटकतोय. मग बायकोने एका निळ्या कापडाचं टोक ओठांना लावलं, मी पलीकडून तळहात धरला आणि तिने गाल फुगवून जोरात फुंकलं, तेव्हा तो गल्ल्यावरून उठून जवळ आला.

"ताई, कापड घ्यायचंय की फुगवायचंय?"

"भिंतीला घालायचंय," बायको म्हणाली. "आमच्या घरातली एक भिंत फार बोलते. तिचं तोंड बंद करायचंय."

दुकानदार माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला. मी त्याला सगळं सांगायला लागलो, कारण या विषयावर मला कुणी अर्धा शब्द विचारला तरी मी अर्धा तास बोलतो. आवाज शोषणारं पॅनेल म्हणजे काय, तर लाकडी चौकट, तिच्यात दगड वितळवून केलेली लोकर, म्हणजे रॉकवूल, आणि वरून कापड. कापडातून हवा आरपार गेली तर आवाजही आत जातो, आणि आत गेला तरच ती लोकर त्याला खाऊन टाकते. जाड, गुळगुळीत कापड लावलं तर आवाज त्याच्यावर आपटून परत येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून फुंकायचं. पलीकडच्या हाताला वारा लागला तर कापड पास. त्या दिवशी सोळा कापडं नापास झाली आणि सतरावं, राखाडी रंगाचं, पास झालं. बायकोला चक्कर यायची बाकी होती.

मी आवाज बसवण्याचं काम करतो. माहितीपटांत माणसं बोलतात, पाखरं ओरडतात, नदी वाहते, ते सगळं कुठून किती ऐकू यायला हवं हे मी ठरवतो. बावीस वर्षं हेच केलंय. त्याच कामात आदल्याच आठवड्यात माझी पार शोभा झाली होती. नदीकाठच्या नावाड्यांवरचा एक माहितीपट मी पूर्ण करून दिला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब म्हणजे ज्यांच्याकडून मला काम मिळतं ते. त्यांनी समोर बसवून तो मला ऐकवला.

"पाणी डावीकडे, पाखरं डावीकडे, नावाडी डावीकडे," ते म्हणाले. "उजवीकडे काय दुष्काळ पडलाय का हो?"

या धंद्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो. माणूस डावीकडचा आवाज वाढवून ठेवतो तो त्याला डावीकडून कमी ऐकू येतं म्हणून.

"एक तर तुमची खोली खराब आहे," साहेब म्हणाले, "नाहीतर कान."

"खोली," मी म्हणालो. इतक्या घाईने म्हणालो की त्यांनी मान वर करून पाहिलं.

"मग खोली नीट करा. दोन आठवडे देतो. हेच काम पुन्हा करून आणा. आणि कान तपासून त्याचा कागद माझ्याकडे आणून द्या. वाईट वाटून घेऊ नका, पण कान गेला असेल तर मला तुम्हाला काम देता येणार नाही."

वाईट वाटून घ्यायला मला उसंतच नव्हती, कारण मला खरं काय ते माहीत होतं. नव्या भाड्याच्या घरात राहायला आल्यापासून, म्हणजे पाच-सहा महिन्यांपासून, डाव्या बाजूला कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. आणि त्या कापसाच्या आत काहीतरी बारीक गुणगुणत होतं. आवाजवाल्याच्या कानात असं गुणगुणायला लागलं की त्याचा बाजार उठला समजायचं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आता तो शुक्रवार सांगतो, म्हणजे कापड आणलं त्याच्या दोन दिवस आधीचा. बायको सोफे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कापड चढवायचं काम करते. पॅनेल म्हणजे न बसायचा सोफा, असं म्हणून तिने ते काम अंगावर घेतलं होतं. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, म्हणून भर दुपारी ती टेप घेऊन माझ्या मागच्या खोलीत भिंती मोजायला आली. मोजता मोजता मध्येच थांबली.

"हे काय वाजतंय?"

"काय?"

"हूंऽऽ करतंय बघ काहीतरी. बारीक."

"तुला... तुला ऐकू येतंय?"

"मग? बहिरी आहे का मी?"

मी तिला टेपसकट उचलून गरकन फिरवलं. ती ओरडली, वेडा झालास का म्हणाली, आणि मला खरोखरच वेड लागायचं बाकी होतं. तिला ऐकू येत होतं. म्हणजे ते माझ्या कानात नव्हतं. बाहेर, खोलीत, हवेत होतं. पाच महिने मी मनातल्या मनात स्वतःचं सुतक पाळत होतो आणि दोष निघाला चार भिंतींचा. स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात तो त्या दुपारी मी पाहिला.

मग आम्ही दोघांनी त्या आवाजाच्या मागे लागून घर पालथं घातलं. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. शेजारी जाऊन त्यांची पाण्याची मोटर चालू आहे का विचारून आलो, तर नव्हती. शेवटी मेन स्विच पाडला. सगळं घर गप्प झालं, आणि मागच्या खोलीत ते तसंच चालू होतं. आम्ही भिंतींना कान लावत फिरलो. कुठेही लावा, सारखंच.

"येतंय कुठून पण?" बायकोने विचारलं.

"कुठूनच नाही आणि सगळीकडून," मी म्हणालो. मला तर पर्वणीच होती. "उघड्या भिंती समोरासमोर आहेत ना. कुठलाही आवाज निघाला की इकडून तिकडे आपटत राहतो, मग त्याची जागाच कळत नाही. नळ असेल, वायर असेल, काहीही असेल. पॅनेल लागू देत. आपटणं थांबलं की जागा बरोबर कळेल."

"मला तर कुणी काम करता करता गुणगुणावं तसं वाटतंय."

"कळेल, कळेल," मी म्हणालो. पुढे काय कळणार आहे याची मला काय कल्पना.

तर रविवारी कापड आलं आणि दुपारी आम्ही खुणा करायला घेतल्या. पॅनेल कुठेही टांगून चालत नाही. त्याची एक जुनी, सोपी रीत आहे. काम करायच्या खुर्चीत एकाने बसायचं आणि दुसऱ्याने भिंतीला चिकटवून आरसा सरकवत न्यायचा. खुर्चीतल्या माणसाला आरशात स्पीकर दिसला की तो थांब म्हणतो. उजेड जसा आरशावरून वळून डोळ्यात येतो तसाच आवाज भिंतीवरून वळून कानात येतो. म्हणजे आरशात स्पीकर दिसला त्याच जागेवरून त्याचा आवाज आपटून तुमच्याकडे येणार. तिथे पेन्सिलीने फुली मारायची. फुलीवर पॅनेल.

बायकोने कपाटाच्या दाराचा आरसा काढून आणला. ती भिंतीशी उकिडवी बसली, आरसा डोक्याच्या वर दोन्ही हातांनी धरला आणि खेकड्यासारखी सरकायला लागली. मी खुर्चीत राजासारखा.

"थांब."

फुली.

"थांब."

फुली. "हात गेले माझे. उद्या कारखान्यात सोफे तू शिवायला ये."

उजवी भिंत झाली, मग डावी. डावीकडे दोन फुल्या झाल्या, काम संपलं, पण तिला ते माहीत नव्हतं आणि मी सांगायला विसरलो, म्हणून ती सरकतच राहिली. आरसा माझ्या बरोबर डाव्या हाताला आला. मी मान वळवून बघत होतो. आरशात काळे केस दिसले, डोक्याची मागची बाजू, आणि झालेल्या सवयीने मी म्हणालो, "थांब."

बायकोने फुली मारली. मग आरसा खाली ठेवून ती खुणेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायला लागली.

"इथे? इथून स्पीकर कसा दिसेल? इथून तर तुला तुझंच थोबाड दिसायला पाहिजे."

"तुझं डोकं मध्ये आलं होतं," मी म्हणालो.

"माझं डोकं खाली होतं."

"असू दे ना. एक पॅनेल जास्त झालं म्हणून बिघडत नाही."

खरंच वाटलं, बिघडत नाही. मला त्या वेळी पॅनेल इतकी प्रिय झाली होती की छताला आणि दाराला लावायलाही मी तयार होतो.

पुढचे तीन दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू. मी सकाळी उठून लाकडी पट्ट्या कापायचो, चौकटी ठोकायचो. रॉकवूल हाताला लागली की खाजवून खाजवून नाकी नऊ येतात, म्हणून नाकाला फडकं, हातात मोजे, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. बायको कामावरून आली की मला बाजूला सारायची. सोफ्याचं कापड कसं ताणतात ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक टाचण, मग कोपऱ्यांकडे, आणि कोपऱ्याला अशी घडी की पाकिटासारखी बसते. स्टेपल गनचा खटाक खटाक आवाज चालला होता आणि ती मला कामगारासारखी हुकूम सोडत होती. मी केलेल्या एका कोपऱ्याला तिने नुसतं पाहिलं आणि तो उसवायला घेतला.

"बावीस वर्षं आवाज ताणतोस," ती म्हणाली. "कापड ताणता येत नाही?"

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली. जेवणं उरकली आणि आम्ही पॅनेल टांगायला सुरुवात केली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, लाकडाचा आणि नव्या कापडाचा वास सुटला होता. पहिल्यांदा मी खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी भिंतींवरून टर्रर्र करत धावली आणि छताच्या कोपऱ्यात जाऊन विरली. उजवीकडची दोन लावली, टाळी वाजवली. टर्र निम्मी झाली. समोरची लावली, अजून कमी.

"ते हूं पण कमी झालं बघ," बायको म्हणाली. "आधी सगळीकडे होतं. आता त्या बाजूलाच आहे." तिने डावीकडे बोट केलं.

"सांगितलं नव्हतं? जागा कळते."

डावीकडची दोन लावली. आता तिला कान देऊन ऐकावं लागत होतं. शेवटी ती जास्तीची फुली उरली, खुर्चीच्या बरोबर डाव्या अंगाची. मी पॅनेल उचलून खिळ्यांवर अडकवलं. बायकोने टाळी वाजवली. ती वाजली आणि जागच्या जागी मेली. मागे काहीच उरलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. अशी शांतता घरात करता येते यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

"गेलं," बायको कुजबुजली. अशा खोलीत माणूस आपोआप कुजबुजतो. "हूं पण गेलं. अगदी गेलं."

"गेलं?"

"काही म्हणजे काही नाही. माझ्या कापडाची कमाल. चहा टाकते, पेढे मागू नकोस."

ती गेली. मी खुर्चीत बसलो, हात मांडीवर ठेवले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेली ती शांतता ऐकायला लागलो.

ते गेलं नव्हतं.

ते आता सगळीकडून येत नव्हतं इतकंच. एका जागेवरून येत होतं. माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावरून, कानाच्या उंचीवर, अगदी स्वच्छ. हूंऽऽ. बायकांचा गळा असतो तसा, फार वय नसलेला.

आणि तेव्हा मला माझ्याच धंद्यातली पहिली गोष्ट आठवली, जी मी चार दिवस दुकानदारापासून बायकोपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. पॅनेल खातं ते भिंतीवर आपटून परत येणारा आवाज. थेट येणाऱ्या आवाजाला ते काही करत नाही. बायकोला ऐकू येत होतं ते भिंतींवरून फिरून आलेलं. ते आम्ही मारलं. मूळ आवाज होता तिथेच होता, आणि तो तिच्यासाठी नव्हताच.

तरी डोकं चालूच होतं, त्याला सवयच तशी. एक विचार असा आला की हे माझ्या कानातच असेल, बायकोला एखादा नळच ऐकू आला असेल आणि तो बंद पडला असेल. हे तपासायचा उपाय सोपा आहे. आवाज कानात असेल तर डोकं कुठेही वळवा, तो त्याच कानात राहणार. आवाज खोलीत असेल तर तुम्ही वळल्यावर तो दुसऱ्या कानाकडे जाणार.

मी पायाने खुर्ची अर्धा फेरा फिरवली. आता माझी पाठ स्पीकरकडे होती.

हूंऽऽ... उजव्या कानाकडे.

खोलीत होतं. माझ्या कानात नव्हतं. आणि खरं सांगतो, लाज वाटते सांगायला, पण मला आनंदाची उकळी फुटली. माझे दोन्ही कान शाबूत होते. मी हसलोसुद्धा असेन.

मग तो आवाज हलला. उजव्या कानापासून निघाला, माझ्या पाठीमागून, मानेच्या अगदी जवळून, घाई न करता, आणि पुन्हा डाव्या कानाशी येऊन थांबला. पॅनेल इतकी चांगली लागली होती की त्याचं बोटा-बोटाएवढं सरकणं मला कळत होतं. कुणी खुर्चीच्या मागून फिरून पहिल्या बाजूला येऊन बसावं तसं.

आरशातले ते केस मला त्या क्षणी आठवले. बायको आरशाच्या खाली होती. आरशात मी दिसायला हवा होतो आणि मी दिसलो नव्हतो, कारण माझ्या आणि आरशाच्या मध्ये कुणीतरी होतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. डोक्याची मागची बाजू दिसली होती. म्हणजे तोंड माझ्याकडे होतं. कानाकडे.

"काय रे?" बायको दारात चहाचे कप घेऊन उभी होती. "पांढराफटक का पडलास?"

"कुठे काय."

"उलटा का बसलायस?"

"तपासत होतो," मी म्हणालो. "फार... फार छान झालंय."

ती खूश झाली. मी तिला सांगायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण विचार करा, तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो असतो की मला अजून ऐकू येतंय, तर तिने एकच अर्थ काढला असता, आणि तो अर्थ साहेबांपर्यंत पोचला असता तर माझं काम गेलं असतं. मला घरात भूत चालणार होतं, कान गेलेला चालणार नव्हता. मी चहा प्यायलो. 

दुसऱ्या दिवसापासून नावाड्यांचं काम पुन्हा हाती घेतलं. सकाळी दहाला, लख्ख उजेडात, दार सताड उघडं ठेवून. मी बसलो की पाच मिनिटांत ते डावीकडे सुरू व्हायचं. पहिले दोन तास माझी पाचावर धारण बसली होती. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी डावीकडचा आवाज वाढवला की त्याचा सूर वर चढायचा, तक्रार केल्यासारखा. कमी केला की खाली यायचा. आणि एका ठरावीक जागी, नदी बरोबर दोन्ही काठांना लागून वाहायला लागली की, ते एकदम गप्प व्हायचं.

पहिल्यांदा मी हात आवाज कमीजास्त करायच्या खुंटीवरून काढून घेतला. दुसऱ्यांदा तिथेच ठेवला. तिसऱ्यांदा मी मुद्दाम चूक करून पाहिली, आणि ते लगेच चढलं. त्यानंतर मात्र मला आवरेना. भीती होती, मानेवरचे केस ताठ होते, पण हात असे चालत होते की गेल्या दहा वर्षांत चालले नव्हते. पाखरं झाडात गेली, वल्ही पाण्यात गेली, म्हातारा नावाडी अगदी मधोमध येऊन बोलायला लागला. कुणी शेजारी बसून नेमकं सांगतंय, आणि आपल्याला ते पटतंय, अशी ती तीन दिवसांची धुंदी होती. शेवटच्या दिवशी काम संपल्यावर मी डावीकडे न बघता हळूच म्हणालो, "झालं."

हूंऽऽ... डावीकडून आलं, आणि थांबलं.

साहेबांनी पूर्ण माहितीपट डोळे मिटून ऐकला. संपल्यावर डोळे उघडले.

"हे तुम्हीच केलंत ना?"

"म्हणजे काय?"

"एकट्याने?"

"एकट्याने," मी म्हणालो.

"खोलीच खराब होती म्हणायची. आता तेवढा कानाचा कागद आणून द्या, म्हणजे पुढची सहा कामं तुमची."

दोन दिवसांनी सकाळी आम्ही कान तपासायला गेलो. बायको हौसेने बरोबर आली होती. मला तर कधी एकदा त्या दवाखान्यात पोचतो असं झालं होतं. घरातली गोष्ट घरात राहिली होती, माझ्या मागच्या खोलीत. इथे यंत्र होतं, अनोळखी माणसं होती, इथे जे निघेल ते खरं. कान तपासणाऱ्या बाईंनी मला एका कपाटाएवढ्या खोलीत बसवलं. आतून सगळीकडे आवाज शोषणारा जाड थर. मी हात लावून पाहिला आणि त्यांना म्हणालो, आमचं काम याहून सफाईदार आहे. त्या हसल्या, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दार लावून त्या काचेपलीकडे जाऊन बसल्या.

आधी उजवा कान. बारीक पिंऽऽ, जाड बूंऽऽ, कधी इतकं अंधूक की आहे की नाही कळू नये. दाबत गेलो. मग डावा सुरू झाला, आणि मी थक्क झालो. उजव्यापेक्षा सोपा. एकही सूर चुकला नाही. प्रत्येक सूर कधी येणार हे मला आधीच कळत होतं, इतकं स्वच्छ. माझे डोळे भरून आले. कापूस नव्हता, काही नव्हतं. मी बटण दाबत होतो आणि मनात म्हणत होतो, खोलीच होती, खोलीच होती.

बाईंनी दार उघडलं तेव्हा त्या कागदाकडे बघत होत्या.

"डावा कान उत्तम आहे. तुमच्या वयाला असा कान मी पाहिलेला नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "फक्त घाई फार करता हो तुम्ही. उजव्याच्या वेळी बरोबर दाबत होतात. डाव्याच्या वेळी प्रत्येकदा मी सूर सोडायच्या आधीच दाबलंत, आणि सूर संपला की बरोबर सोडलंत. सुरांमधलं अंतर मी मुद्दाम कमीजास्त करते, तरी. कसं काय कळत होतं?"

"सोपं आहे," मी आनंदात म्हणालो. "सुराच्या आधी तो श्वास येतो ना, त्यावरून."

"कुठला श्वास?"

"गाण्याआधी घेतात तसा. रेकॉर्डिंगमध्ये आहे ना तो... डावीकडच्या?"

"हे रेकॉर्डिंग नाही," बाई म्हणाल्या. "यंत्र सूर तयार करतं. ते श्वास कशाला घेईल?"

त्यांनी कागदावर शिक्का मारला, सही केली आणि तो माझ्या हातात दिला. मी तो घेतला. बाहेर बायको बाकावरून उठली, तिने माझ्या हातातून कागद ओढला, वाचला आणि सगळ्या दवाखान्यासमोर माझा खांदा गदागदा हलवला. आम्ही जिना उतरून रस्त्याला लागलो. ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती. बऱ्याच वेळाने मी सहज तिच्याकडे पाहिलं, तर ती मला काहीतरी सांगत होती. हात हलवून, हसून, भरभरून सांगत होती. तिचे ओठ हलत होते आणि त्या बाजूने मला तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

मी थांबलो. ती पुढे जाऊन वळली आणि उजवीकडे आली, तेव्हा तिचा आवाज आला, "...अरे, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो.

आणि डाव्या कानाशी, अगदी लागून, कुणीतरी छाती भरून श्वास आत घेतला. मी सुराची वाट बघत रस्त्यात उभा राहिलो. सूर आला नाही. त्याला आज अकरा दिवस झाले. सहा कामांपैकी पहिलं सुरू आहे, साहेब खूश आहेत, बायको खूश आहे. तो श्वास अजून बाहेर सोडलेला नाही.